पाकिटातलं जांभळं फूल

४ मार्च

ती. स्व. मामांना,

सा. न. वि. वि. यातलं ‘विशेष’ या खेपेला खरंच आहे, म्हणून पत्राची दुसरी बाजूही वाचा. मागच्या पत्राची तुम्ही वाचली नव्हती, हे मामींनी मला कळवलं आहे.

आईचं म्हणाल तर पायांवरची सूज आता गुडघ्यापर्यंत आली आहे. डॉक्टरांनी मला बाहेर जिन्यापाशी नेऊन सांगितलं की हृदयाची झडप निकामी होत चालली आहे आणि शस्त्रक्रिया तिला झेपणार नाही. महिन्यांचा विचार करू नका, आठवड्यांचा करा, असं म्हणाले. मी आत आले तर आईनं विचारलं की डॉक्टर एवढा वेळ काय सांगत होते. मी म्हटलं, मीठ कमी करायला. ती म्हणाली, मीठ कमी करायला कोणी जिन्यात नेत नाही. मेंदू अजून असा तल्लख आहे.

आता विशेष. शनिवारी टपालानं एक पाकीट आलं. अक्षर भुंग्याचं. दोन वर्षांत पहिल्यांदा. आत चार ओळी: मी बरा आहे. हे आईला दे. ती काय म्हणते ते मला कळेलच. ताई, तू रागावू नकोस. बस. पत्ता नाही, आणि तिकिटावरचा शिक्का पाण्यानं भिजून नुसता निळा डाग झालेला. घडीत एक फूल होतं, देठ आणि दोन पानं असलेलं. जांभळं. वाळून शाईच्या रंगाचं झालं आहे.

तुम्ही त्या वेळी स्वतःच आजारी होतात, त्यामुळे बाबा गेले त्या दिवसाचं तुम्हाला अर्धंच माहीत असेल. लाँड्रीतल्या बॉयलरवर भुंग्याची पाळी होती. तो कोणाला न सांगता गाडी चालवण्याची परीक्षा द्यायला गेला, आणि बाबांनी त्याची पाळी अंगावर घेतली. दुपारी हवा खायला लाँड्रीच्या मागे जाऊन बसले ते तिथेच कोसळले. चौघांनी त्यांना आमच्या मागच्या दारानं आत आणलं. संध्याकाळी भुंगा परवाना हातात घेऊन हसत आला, त्याच दारानं. आई सगळ्यांसमोर म्हणाली की या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस. तो दाराबाहेरूनच परत गेला. दुसऱ्या दिवशी आईनं मागच्या दाराच्या कडीला तार गुंडाळली, ती आजतागायत आहे. आमचा राबता पुढच्या दारानं.

डॉक्टरांनी पुढे सांगितलं होतं की बाबांचं हृदय तसंही थकलेलंच होतं, त्यात पोराचा दोष नाही. तोवर पोरगा कुठे होता सांगायला?

पाकीट आईला दिलं तर म्हणाली, ठेव तिकडे. मी भाजीची पिशवी रिकामी करून आले तेव्हा फूल खिडकीच्या उजेडात धरून बघत बसली होती. मग म्हणाली की तुझ्या मामाला पाठव, तो असली झाडं कागदाला चिकटवतो, त्याला कळेल हे कुठलं. आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, लवकर पाठव. मामा, तिला तो हवाय. तोंडानं म्हणायची नाही, पण हवाय. हे फूल कुठे उगवतं तेवढं सांगा, मी जाऊन त्याला घेऊन येते.

लोभ तुमचा आहेच, या वेळी त्यात थोडी घाई मिसळा.

आपली भाची,
ठमी


१३ मार्च

चि. ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद. दोन्ही बाजू वाचल्या, दोनदा. पहिल्यांदा उभ्यानं वाचल्या आणि दुसऱ्यांदा बसून. भुंगा जिवंत आहे आणि त्याचं अक्षर अजून तसंच कोंबडीचे पाय आहे, या दोन्ही गोष्टींनी तुझी मामी रडली.

आता कामाचं. तुझं फूल इथे पोचेपर्यंत टपालखात्यानं त्याचा चुरा करण्याचं बरंच मनावर घेतलं होतं. ते आमच्या वनस्पती संग्रहालयातल्या वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर काढलं. पानाच्या बगलेत कापडाचं तूस अडकलं होतं, करड्या पापुद्र्यासारखं. तुझ्या बाहीचं असणार, तुम्ही लाँड्रीतली माणसं तुसातच राहता. ते आधी मऊ ब्रशनं झटकलं. कचऱ्यासकट झाड चिकटवलं की आमच्या मोठ्या बाई तक्ता परत धाडतात, हे एकतीस वर्षांत अंगात मुरलं आहे. मग फूल कोमट पाण्यात सोडलं, उलगडलं, सुकवलं आणि कागदावर चार टाके घालून बसवलं. अक्काला सांग की फार सुंदर बसलं आहे.

तुला ठाऊक आहे, मी चिकटवणारा माणूस. नावं देणाऱ्या मोठ्या बाई, त्या दौऱ्यावर गेलेल्या. म्हणून जन्मात पहिल्यांदा मी स्वतःसाठी कपाटं उघडली. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत तक्ते उलथेपालथे केले. नरसाळ्यासारखं फूल, कडेला पाच पाकळ्या, पान लांब नि अरुंद, देठाला जांभळट झाक. तिसऱ्या दिवशी सापडलं. रुएलिया म्हणतात त्याला, पुढचं नाव लांबलचक आहे, ते सोड. या झाडाचे अकरा तक्ते आहेत आणि अकराही चिठ्ठ्यांवर एकच ठिकाण: दक्षिणेला, नदी समुद्राला मिळते तिथला बंदराचा टापू. उष्ण हवा, पाणथळ जमीन, बारमाही ओल. तुमच्या त्या डोंगरावरच्या कोरड्या गारठ्यात हे झाड एक हिवाळा काढायचं नाही. आणखी एक, हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारी गळतं. म्हणजे आपला भुंगा कुठल्याशा सकाळी तिथे उभा होता.

इतकं नेमकं मला आयुष्यात कधी काही सांगता आलं नव्हतं. तू जा. अक्काला म्हणावं, धीर धर.

मामी आशीर्वाद सांगते. आमची आठवण ठेवावी हे लिहायची गरज नाही, तरी लिहितो.

तुझा मामा


२ एप्रिल

ती. स्व. मामांना,

नमस्कार. साष्टांग घालायची ताकद राहिलेली नाही, साधाच घ्या.

जाऊन आले. पाच दिवसांची रजा काढली. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना आईजवळ बसवलं. बंदरावर मंगळवारी सकाळी उतरले. काडेपेटीतली काडी पेटत नाही, वही वाकडी होते आणि पाठीला चिकटलेला कपडा सुटतच नाही असं ते गाव आहे. आणि मामा, तुमचं झाड तिथे आहे. बसस्थानकामागच्या गटारात आहे, दफनभूमीच्या भिंतीला आहे, दवाखान्याच्या मोरीत आहे, ज्या खानावळीत उतरले तिच्या पायरीच्या फटीतसुद्धा आहे. एका फुलाचा पत्ता घेऊन गेले आणि तिथे गावभर तोच पत्ता निघाला.

भुंग्याचा फोटो दाखवत फिरले. दोर विकणारा, होड्या रंगवणारे, धक्क्यावरचे हमाल. एकानं विचारलं की नवरा का? मी म्हटलं, भाऊ. तो म्हणाला की भाऊ स्वतःहून येतात, नवरे शोधावे लागतात. सगळे हसले, मीही हसले, मग एका पिंपामागे जाऊन रडले. बुधवार पूर्ण, गुरुवार पूर्ण. कोणी ओळखलं नाही.

परत आले तर आईला आता उशांना टेकूनच झोपावं लागतंय, आडवं झालं की गुदमरतं. मी दारातून आत येताना तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तेव्हापासून ती माझ्याशी हूं आणि उंहूं याच्यापुढे बोललेली नाही. हे पाच दिवस मी तिच्यापाशी बसायला हवं होतं. मोजक्या उरलेल्या दिवसांतले पाच मी पिंपांमध्ये घालवले.

मामा, मी तुमच्यावर रागावले आहे. राग बरोबर नाही हे मला कळतं, तुम्ही तीन दिवस उपाशी कपाटं शोधलीत. पण तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलं होतं की मी ते पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्याच खात्रीवर ती पाच दिवस उशीला टेकून दाराकडे बघत होती. लिहिलं नाही तर हे पोटात राहील, म्हणून लिहिलं.

राग जाईल. लोभ मात्र सांभाळून ठेवा, परत लागेल.

ठमी


१० एप्रिल

चि. ठमीस,

आशीर्वाद, पण आज ते द्यायला तोंड नाही.

तुझं पत्र मी मोठ्या बाईंसमोर ठेवलं. त्या दौऱ्यावरून परतल्या आहेत. त्यांनी माझा तक्ता भिंगाखाली धरला आणि म्हणाल्या की नाव बरोबर आहे, टाके तर नेहमीप्रमाणे उत्तम. मग अकरा तक्त्यांच्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवून विचारलं की या सगळ्या कोणाच्या हस्ताक्षरात आहेत. एकाच्याच. चाळीस वर्षांपूर्वी एक गृहस्थ बंदरावर नोकरीला होते, त्यांना झाडं गोळा करायचा नाद होता. बाई म्हणाल्या की ही चिठ्ठी झाड कुठे राहतं ते सांगत नाही, तो माणूस कुठे चालला तेवढंच सांगते. या झाडाचं बी ओलं झालं की चिकट होतं, चाकाला लागतं, गाठोड्याला लागतं आणि शेकडो मैल जातं. जिथे उष्ण ओल मिळेल तिथे रुजतं, मग ती समुद्राकाठी असो की कुठल्या गटारात. एकतीस वर्षं मी या चिठ्ठ्या चिकटवतो आहे, आणि त्यांना देववाणी समजत होतो.

मग त्यांनी विचारलं की फूल आलं तेव्हा त्याला काही लागलं होतं का. माती, वाळू, केस, काहीही. ठमे, मी काय सांगू? मी तोंड वर करून सांगितलं की तूस होतं, ते मी स्वच्छ झटकलं.  बाई म्हणाल्या की झाडानं आणलेला पत्ता तेवढाच होता.

एक गोष्ट मात्र माझ्या त्याच मेल्या शिस्तीनं वाचली. तक्त्यावरून जे काही पडेल, पाकळीचा तुकडा, बी, ते फेकायचं नाही, कागदाच्या पुडीत घालून तक्त्याच्या कोपऱ्याला लावायचं, असा आमचा नियम. ब्रशखाली पाकळीचा तुकडा तुटला होता, तो पुडीत टाकताना थोडं तूसही आत गेलं आहे. काल पुडी उघडली. तुसात एक निळा दोरा आहे, नखाएवढा. तुझ्या बाहीचा असेल तर असेल. बाई म्हणाल्या, मी ठरवायचं नाही, जिनं पाहायला हवं तिला पाठवा.

पुडी सोबत आहे. वाऱ्यात उघडू नकोस. अक्काला मी चुकलो म्हणून सांग. तिचा धाकटा भाऊ लहानपणापासून चुकत आला आहे, तिला नवल वाटायचं नाही.

कृपा कमी करू नये इतकंच मागतो.

मामा


१५ एप्रिल

ती. स्व. मामांना,

शि. सा. न., अगदी गुडघे टेकून. रागाचं पत्र फाडून टाका.

पुडी काल कामावरून येताना टपालातून घेतली आणि स्वयंपाकघरात ओट्यावर उघडली. मामा, तो निळा दोरा आमचा आहे. दवाखान्यांच्या चादरींच्या कोपऱ्यावर आम्ही जी खूण घालतो, ती याच दोऱ्यानं. मीच घालते, इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसून, दिवसाला दोनशे चादरी. तो पक्का निळा बाजारात मिळत नाही, रिळं दोऱ्याच्या कारखान्यातूनच येतात. क्षणभर वाटलं की असेल माझ्याच बाहीचा. पण पाकीट मी उघडलं तो शनिवार, सुट्टीचा, मी न्हालेली होते आणि घरच्या कपड्यांत होते. आणि हे तूस नुसतं लागलेलं नव्हतं. भिजून वाळून त्याचा नमदा झाला होता, घट्ट दाबलेला, पापुद्र्यासारखा. सुकवणीच्या यंत्रांचं तूस असं भिजतं ते एकाच जागी, लाँड्रीच्या मागे, जिथे त्या पंख्यांचं तोंड नाल्यावर उघडतं.

मी इस्त्रीखात्यात, माझं फाटक पुढच्या रस्त्यावर. मागच्या बाजूला मी दोन वर्षांत गेले नव्हते. बाबा तिथे पडले होते, जायचं कशाला? काल गेले. धुण्याच्या पिंपांमधलं कोमट पाणी तिथे उघड्या नाल्यातून जातं, वाफ निघत असते, थंडीतही भिंत हाताला ऊब देते. त्या भिंतीच्या कडेनं, बाबा जिथे बसायचे त्या दगडापासून पार वळणापर्यंत, तुमचं झाड आहे. छातीएवढं. सगळ्या पानांवर आमचं करडं तूस. दुपार टळून गेलेली, त्यामुळे फुलं गळून पाण्यावर तरंगत होती, जांभळी. मान वर केली तर समोर आमचं मागचं दार. मी चालून मोजलं. चाळीस पावलं.

बॉयलरवाले काका बाहेर आले. बाबांबरोबर वीस वर्षं काढलेला माणूस, मला तिथे उभं पाहून दारातच बसला. मी काही विचारायच्या आधीच काका सांगायला लागले. भुंगा आता मालट्रक चालवतो, त्या परवान्यावरच. बंदरावरच्या दवाखान्यांची मळक्या कपड्यांची गाठोडी तोच आणतो, एक आड एक बुधवारी, मागच्या फाटकानं. म्हणजे मामा, तुमचं बंदर चुकीचं नव्हतंच, आणि बी त्याच्याच चाकांना लागून आलं असणार. मी बंदरावर पिंपांमध्ये बुधवारी त्याचा फोटो दाखवत होते, तेव्हा तो इथे बाबांच्या दगडावर बसला होता.

काकांना त्यानं बाबांची शपथ घातली होती की घरी सांगायचं नाही. त्यांनी एकदा आईपुढे नुसतं नाव काढून पाहिलं, तर ती उठून आत गेली, म्हणून तेही गप्प बसले. फूल का पाठवलं तेही त्यांना ठाऊक होतं. भुंगा म्हणाला होता की रोज मागचं दार उघडलं की ही झाडं आईला समोर दिसत असतील. पाकिटात हेच फूल पाहिलं की तिला कळेल मी कुठे येऊन बसतो. तिला वाटलं तर ती दारातून हाक मारेल. त्यानं पत्ताच पाठवला होता, मामा. त्याला ठाऊक नव्हतं की त्या दाराला तार आहे आणि आमच्यापैकी कोणीही दोन वर्षांत तिकडे पाहिलेलं नाही. फूल पाठवल्यानंतर तो तीनदा येऊन गेला. तीनदा सकाळपासून दाराकडे बघत बसला आणि दार उघडलं नाही. शेवटच्या वेळी काकांना म्हणाला की आता या फेऱ्यांवरून माझं नाव काढून घ्यायला सांगतो, दुसरीकडची गाडी घेतो. एक फेरी उरली आहे, तेवीस तारखेची. त्याच्या कचेरीत फोन केला तर म्हणाले की चालक रस्त्यावर आहेत, निरोप देऊ. देतील असं त्यांच्या आवाजावरून वाटलं नाही.

आईला सगळं सांगितलं. न थांबता सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, तीनदा? मी म्हटलं, हो. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं सगळं. डोळे उघडून म्हणाली, पक्कड आण. मी तार सोडवली. दार फुगून बसलं होतं, खांदा लावावा लागला. तिनं पलंग मागच्या खोलीत हलवायला लावला, दारासमोर. आणि आज सकाळी म्हणते की सुताराला बोलाव, उंबरा काढायचा आहे.

मी म्हटलं की उंबरा आहे म्हणून नाल्याचं पाणी आत येत नाही. ती म्हणाली की येऊ दे पाणी. मी म्हटलं की तू त्याला बोलाव, झालं, लाकडानं काय बिघडवलंय? त्यावर जे म्हणाली ते तसंच लिहिते: “मी चार माणसांत सांगितलं होतं की उंबरा चढू नकोस. तो माझं ऐकतोय अजून. बोललेलं परत घेता येत नाही, उंबरा काढता येतो.”

आणखी एक बजावलं आहे. कोणी फाटकावर जाऊन त्याला धरून आणायचं नाही. दार उघडं ठेवायचं, त्याला दिसेल. मला भीती वाटते मामा. तीन बुधवार बंद दार बघून परतलेला माणूस मान वर करून बघेल का? आणि आईचे ओठ आज निळसर आहेत. तेवीस तारखेला आठ दिवस आहेत.

तुमचा लोभ आहे, तो या आठ दिवसांवर ठेवा.

ठमी


१८ एप्रिल
(बॉयलर खोलीच्या पत्त्यावर; काकांनी हातात द्यावे)

चि. भुंग्यास,

अनेक आशीर्वाद आणि एक थप्पड. थप्पड भेटीत देईन, तोवर तुझ्या नावे जमा.

मी तुझा मामा. तुझं फूल माझ्याकडे आलं होतं. त्याला लागलेलं तूस मी झटकलं आणि तुझ्या ताईला तीनशे मैल भलतीकडे पळवलं. तू फेब्रुवारीत पाठवलेला निरोप एप्रिलच्या मध्यावर पोचला, याचं कारण तुझी आई नाही. कारण मी आहे. तीन बुधवार तू जे बंद दार पाहिलंस, ते तुझ्यावर बंद नव्हतं. तुझे वडील त्यातून आत आले म्हणून तिनं ते मिटलं होतं, त्यामागे ती स्वतःच कोंडलेली होती. तू इकडे दगडावर, ती तिकडे पलंगावर, मधे चाळीस पावलं, आणि तुम्ही दोघंही एकमेकांची वाट बघणार. हा अक्काचा हट्ट आहे, तो मी ओळखतो, तुझ्या नाकासकट तिच्याकडूनच तुझ्याकडे आला आहे.

तिची प्रकृती फार वाईट आहे. तुला घाबरवायला लिहीत नाही, खरं म्हणून लिहितो. मान वर कर आणि दाराकडे बघ. एवढंच.

उत्तर लिहू नकोस. चालायला लाग.

मामा


२४ एप्रिल

ती. स्व. मामांना,

सा. न. वि. वि. तुम्ही उभे असाल तर आधी बसा.

उंबरा रविवारी निघाला. सुताराला दोन तास लागले. म्हणाला की असा सागवानी उंबरा कोणी काढत नाही, लोक घालून घेतात. आई पलंगावरून त्याला दम देत होती की बोलू नकोस, काढ. जागेवर खाच राहिली होती, ती त्यानं गिलाव्यानं सपाट केली. सोमवारी दुपारी लाँड्रीनं पिंपं सोडली आणि कोमट पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं. मी पोती टाकत होते आणि आई म्हणाली की ऊबदार आहे, पाय सोडून बसावंसं वाटतं.

काल बुधवार. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि शेंगा सोलत बसले. गाडी दहाला आली, आवाज ऐकू येतो. गाठोडी उतरवायला तास लागतो. काकांनी तुमचं पत्र त्याला दिलं. मला फक्त दगडावर बसलेली त्याची पाठ दिसत होती. पत्र वाचायला एवढा वेळ लागतो का मामा? बाराचा भोंगा झाला. आईनं सकाळपासून डोळे उघडे ठेवले होते, पण औषधाची गुंगी असते, भोंग्यानंतर तिचा डोळा लागला. नेमका तेव्हा तो उठला. मी जागची हलले नाही, आईनं बजावलं होतं. शेंगा हातातून भलत्याच भांड्यात पडत होत्या.

तो दारापर्यंत आला. दाढी वाढली आहे, बाबांसारखा दिसतो. त्याची नजर पलंगावर, आईच्या चेहऱ्यावर. ती किती वाळली आहे ते त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. खाली त्यानं बघितलंच नाही. जन्मभराच्या सवयीनं त्यानं उंबरा ओलांडायला पाय उंच उचलला. उंबरा नव्हता. पाय हवेतून तसाच खाली आदळला आणि तो दोन्ही हातांवर आत पडला, धाडकन.

आवाजानं आई जागी झाली. डोळे उघडले, जमिनीवर पडलेल्या त्याच्याकडे बघितलं. दोन वर्षांनी आईनं त्याला म्हटलं ते एवढंच: सांभाळून ये, उंबरा काढलाय.

तो उठलाच नाही. तिथूनच सरकत पलंगापाशी गेला आणि तिच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून रडत राहिला. आईचा हात त्याच्या केसांत होता. मग ती म्हणाली की हे काय अडकलंय, आणि केसांतून तूस वेचायला लागली.

डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. त्यांचं म्हणणं बदललेलं नाही, आठवडेच. भुंग्यानं कचेरीला फोन करून गाडी दुसऱ्याला द्यायला सांगितली. आता तो आईच्या पलंगाशी बसतो आणि मी कामावर जाते. तुम्ही आणि मामी या, पण लगेच या.

आज सकाळी त्यानं नाल्यावरून एक नवी फांदी तोडली, उमललेली, ती सोबत आहे. आई म्हणते की त्याचा बारावा तक्ता करा आणि चिठ्ठीवर ठिकाण नीट लिहा: मागच्या दारापासून चाळीस पावलं. मोठ्या बाई परत पाठवोत की न पाठवोत, तूस झटकू नका.

लोभ असाच राहू द्या, या घरात तो आता दोन्ही दारांनी येतो.

आपली,
ठमी